'फिर्याद' की 'निषेध'? त्साइट्सच्या पाळकाचे दोन फलक

पिंपळपान

मंडळी, (या शब्दाचा पुढे घोळ होणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.)

जर्मनच्या वर्गात एक उतारा भाषांतराला आला आणि दोन ओळींपाशी मी आठ दिवस अडकलोय. या ओळी पुस्तकातल्या नाहीत. एका गाडीच्या टपावर उभ्या केलेल्या फलकांवरच्या आहेत.

दिवस १८ ऑगस्ट १९७६. जागा पूर्व जर्मनीतलं त्साइट्स, लहान मुलांच्या बाबागाड्यांच्या कारखान्यासाठी ओळखलं जाणारं गाव. सकाळी दहानंतर एक पाळक आपली वार्टबुर्ग गाडी घेऊन भर वस्तीतल्या सेंट मिखाएल चर्चसमोर आला. अंगात उपासनेला घालायचा काळा झगा. गाडीच्या टपावर त्याने फलक लावले. मजकूर साधारण असा:

"सर्वांना बिनतारी संदेश... सर्वांना बिनतारी संदेश... जर्मन लोकशाही प्रजासत्ताकातलं चर्च कम्युनिझमविरुद्ध फिर्याद करत आहे! शाळांमधून मुलांची आणि तरुणांची गळचेपी होते आहे म्हणून."

आणि मग त्याने स्वतःला पेटवून घेतलं. लोकांनी धावून आग विझवली. पोलिसांनी फलक काही मिनिटांत हटवले. चार दिवसांनी, २२ ऑगस्टला, हाले शहरातल्या इस्पितळात तो गेला. मधल्या दिवसांत घरच्यांना त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही. नाव ऑस्कर ब्रूझेवित्स, वय ४७.

माणूस पुस्तकी पाळक नव्हता. जन्म १९२९ चा, आजच्या लिथुआनियात मोडणाऱ्या मेमेल भागातला. महायुद्धाच्या शेवटी कोवळ्या वयात सैन्यात ओढला गेला, रशियनांच्या कैदेत पडला. पुढे चांभारकाम शिकला, त्यातला उस्ताद कारागीर झाला. काही वर्षं पश्चिम जर्मनीत काढून १९५४ मध्ये आपण होऊन पूर्वेत आला! लोक उलट दिशेने पळत होते तेव्हा. पस्तिशीत एरफुर्टच्या प्रवचनकार शाळेत दाखल झाला आणि १९७० मध्ये त्साइट्सजवळच्या रिपिशा नावाच्या खेड्यात पाळक म्हणून रुजू झाला.

तिथे त्याने चर्चच्या मनोऱ्यावर निऑन दिव्यांचा मोठा क्रूस लावला, रात्री रस्त्यावरून लांबवर दिसायचा. अधिकाऱ्यांनी काढायला सांगितला, याने काढला नाही. १९७४ मध्ये देशभर 'जी.डी.आर.ची २५ वर्षं' (जी.डी.आर. म्हणजे पूर्व जर्मनी) अशा पाट्या लागल्या, तर याची पाटी: 'येशू ख्रिस्ताच्या अजिंक्य चर्चची २००० वर्षं'. सरकारी शेतीवाल्यांची यमक जुळवलेली घोषणा होती की देव आणि ऊन नसलं तरी पीक आम्ही घरी आणू. यावर ब्रूझेवित्सने घोडागाडी जुंपली, तिच्यावर आपलं यमक लावलं आणि त्साइट्समधून फेरी काढली: पाऊस नाही, देव नाही, तर सगळ्या जगाचं दिवाळं.

आता माझी अडचण. मूळ क्रियापदाचा अर्थ आरोप ठेवणे, फिर्याद करणे. वर्गातल्या सगळ्यांनी 'निषेध करते' लिहिलं. मला ते पटत नाही. निषेध कोणीही चौकात उभं राहून करतो आणि संध्याकाळी घरी जातो. फिर्यादीला समोर कुणीतरी न्यायाधीश लागतो. इथे कोण होता? तुम्ही काय लिहाल?

नगरी_बाणा

'फिर्याद'च ठेवा, शंका नको. पण तुमचा 'चर्च' शब्द मला खटकला. आमच्याकडे (नगरकडचे प्रोटेस्टंट, आजोबा पाळक होते) इमारतीला देऊळ किंवा चर्च म्हणतात आणि माणसांना मंडळी. मूळ जर्मन शब्द दोन्हीला चालतो, मराठीत निवड करावी लागते. इमारत काही फिर्याद करत नाही. 'मंडळी फिर्याद करत आहे' असं हवं.

आणि खरी मेख तिथेच आहे. त्याला मंडळीच्या वतीने बोलायचा अधिकार कोणी दिला होता? तो एका खेड्याचा पाळक. मंडळीचे वरिष्ठ त्या उन्हाळ्यात त्याला दुसरीकडे बदली घे म्हणून सुचवत होते. म्हणजे ज्यांच्या नावाने फिर्याद, त्यांनाच हा फिर्यादी नकोसा झालेला.

खवचट_खारूताई

"मंडळी, मंडळी फिर्याद करत आहे हो!" असं वाचलं मी आणि आधी वाटलं भजनी मंडळ पोलीस चौकीत गेलंय.

(सॉरी. विषय गंभीर आहे. आता नीट वाचते.)

पिंपळपान

नगरी_बाणा, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. 'मंडळी' घेतो.

वरिष्ठांबद्दल म्हणालात ते पुढेही खरं ठरलं. माग्डेबुर्गहून त्याच्या प्रांतिक मंडळीने, म्हणजे बिशप वेर्नर क्रुशे यांच्या नेतृत्वाखालच्या मंडळाने, घटनेनंतर तीन दिवसांत मंडळ्यांना पत्र काढलं. सार असं: आमच्या बंधूच्या कृतीला आम्ही संमती देऊ शकत नाही, त्याचा न्यायनिवाडाही करू शकत नाही, आणि या घटनेचा देशाविरुद्ध प्रचारासाठी वापर करू नये. पत्र लिहिलं तेव्हा तो जिवंत होता.

लालभाई

धागा चांगला आहे पण एका बाजूने चाललाय म्हणून लिहितो.

'कम्युनिस्ट राजवटीत चर्चवर दडपशाही' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. अल्बेनियाने १९६७ मध्ये धर्मच बेकायदा ठरवला, मशिदी-चर्चांची गोदामं केली. सोव्हिएत संघात १९२० आणि १९३० च्या दशकांत हजारो पाद्री मारले गेले. जी.डी.आर.मध्ये यातलं काय होतं? बर्लिन, हाले, लाइपझिग, येना, रोस्टॉक, ग्राइफ्सवाल्ड या सहा सरकारी विद्यापीठांत ईश्वरविद्येचे विभाग शेवटपर्यंत चालू होते. चर्चची इस्पितळं होती, अपंगांच्या संस्था होत्या, बालवाड्या होत्या. शस्त्र हाती न घेता लष्करात बांधकामाची नोकरी करायची सोय १९६४ पासून होती. पूर्व गटात दुसऱ्या कुणी ती दिली नव्हती.

शिवाय जर्मन प्रोटेस्टंट चर्चचा इतिहास बघा. शतकानुशतकं राजाच्या मांडीवर. हिटलरच्या काळात त्यातला मोठा गट उघडपणे नाझींच्या मागे. नव्या राज्याला या संस्थेबद्दल संशय वाटला तर आश्चर्य काय?

जर्मनीच्या माजी चॅन्सलर अँगेला मेर्केल पाळकाचीच मुलगी. वडील १९५४ मध्येच हांबुर्गहून पूर्वेत गेले, म्हणजे तुमच्या ब्रूझेवित्सच्याच वर्षी. पोरगी भौतिकशास्त्र शिकली, क्वांटम रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली. कुठे आली गळचेपी?

एल्बेकाठी

लालभाई, मी तिथे होतो, म्हणून सांगतो. लाइपझिगला हेर्डर संस्थेत वर्षभर जर्मन घोकून १९७८ ते ८३ ड्रेस्डेनला इंजिनिअरिंग केलं. राजवटीबद्दल मला राग नाही. फुकट शिक्षण दिलं, शिष्यवृत्ती दिली, थंडीत कोट घ्यायलाही पैसे दिले. आजही कुणी 'पूर्व जर्मनी म्हणजे एक मोठा तुरुंग' असं एका वाक्यात उडवून लावलं की मी वाद घालतो.

पण मेर्केलबाईंचं उदाहरण तुमच्या बाजूचं वाटतं तितकं नाही. त्यांचं शिक्षण झालं कारण त्या राजवटीच्या युवक संघटनेत होत्या आणि वडिलांचं सरकारशी बरं होतं. गोम तिथेच आहे. दार बंद नव्हतं. किल्ली कुणाच्या हातात आहे हे तुम्हाला रोज जाणवत राहायचं.

आमच्या वसतिगृहात माझा खोलीसोबती पाळकाचा मुलगा. त्याच्या थोरल्या भावाला आठवीपर्यंत सगळ्या विषयांत पहिला वर्ग. त्याने 'युगेंडवाय्हे' घेतली नाही. दहावीनंतर पुढच्या शाळेत, जिथून विद्यापीठाची वाट जाते, तिथे प्रवेश नाही. कारण लेखी नाही. 'जागा नाहीत' एवढंच. भाऊ सुतार झाला. धाकट्याच्या वेळी आईवडिलांनी मान खाली घालून दोन्ही विधी केले, सरकारी आणि चर्चचा. म्हणून तो माझ्या खोलीत आला. हे त्याने मला तिसऱ्या वर्षी सांगितलं, तेही एल्बेच्या काठावर फिरताना. खोलीत नाही.

कुणाला अटक नाही की मारहाण नाही. कागदावर काहीच नाही. आणि घरातले दोन भाऊ आयुष्यभर एकमेकांशी धड बोलत नाहीत.

चष्मिश

युगेंडवाय्हे म्हणजे?

एल्बेकाठी

चौदाव्या वर्षी करायचा समारंभ. मूळचा जुना, धर्म न मानणाऱ्यांचा. १९५४ मध्ये राज्याने तो उचलला आणि पुढच्या वर्षापासून सगळीकडे सुरू केला. वसंतात, गावच्या सभागृहात. नवे कपडे, स्टेजवर रांगेने उभं राहून समाजवादी राज्याला निष्ठेचं वचन, मग फुलं आणि एक जाडजूड पुस्तक. घरी मेजवानी, आजीकडून पैसे, पहिला अधिकृत बिअरचा घोट. चर्चमधलं दृढीकरण (कन्फर्मेशन, बाप्तिस्मा झालेल्या मुलाने आपला विश्वास स्वतः जाहीर करायचा विधी) याच वयात होतं. मुद्दाम त्याच्याच जागी आणून बसवलेला.

सुरुवातीला मंडळीने ठणकावलं होतं की जो हे करेल त्याचं दृढीकरण आम्ही करणार नाही. चार-पाच वर्षांत आकडे असे फिरले की मंडळीलाच नमतं घ्यावं लागलं. सत्तरीच्या दशकात दहातली नऊ मुलं युगेंडवाय्हे घेत होती.

खवचट_खारूताई

म्हणजे सरकारी मुंज. नवे कपडे, जेवणावळ, आजीचं पाकीट, मुलाला मंत्राचा अर्थ विचारू नये.

नगरी_बाणा

हसलो. पण मुंज केली नाही म्हणून कुणाचा अकरावीचा प्रवेश अडत नाही. फरक तेवढाच आहे आणि सगळा तोच आहे.

पिंपळपान

फलकावर म्हणूनच 'शाळांमधून' हा शब्द आहे. ही गोष्ट पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून निसटली होती. त्याने तुरुंग, भिंत, गुप्त पोलीस यांतलं काही लिहिलं नाही. 'आमचं चर्च पाडलं' म्हणाला नाही. उपासनेला बंदी असती तर ते लिहिलं असतं, पण बंदी नव्हतीच. लालभाई म्हणतात ते सगळं चालू होतं. रविवार मंडळीला दिला होता. सोमवार ते शनिवार मुलं राज्याची. त्याने नेमकं तेच मांडलं.

आकडेही बघण्यासारखे आहेत. १९५० मध्ये पूर्व जर्मनीतले दहापैकी आठ लोक प्रोटेस्टंट. राजवट संपताना चारातला एक. गोळी न झाडता झालं हे.

लालभाई

चारातला एक उरला याचं सगळं श्रेय शाळेला देऊ नका. पश्चिमेतही चर्च ओस पडत होती, नेदरलँड्सला जाऊन बघा. आणि पूर्वेत राजवट जाऊन तीसपस्तीस वर्षं झाली, लोक परत आले का? नाही. युगेंडवाय्हे तर आजही तिथे होते, कुणी सक्ती करत नाही तरी.

एल्बेकाठी यांचं म्हणणं मात्र नाकारत नाही. प्रवेशाची गोष्ट खरी आहे, असं व्हायला नको होतं.

लाइपझिगकर

नोकरीनिमित्त सहा वर्षं इथे आहे. त्साइट्स लाइपझिगपासून रेल्वेने तासाभराच्या आत. गेल्या शरदात गेलो होतो, मुख्यतः बाबागाड्यांचं संग्रहालय बघायला. (मुलगी तीन वर्षांची. तिला वाटलं यातली एक घरी न्यायची आहे. रडारड.) ते संग्रहालय जुन्या मोरित्सबुर्ग वाड्यात आहे.

गाव फार रिकामं झालंय. कारखाने बंद, खिडक्या फळ्या मारलेल्या. सेंट मिखाएल चर्च चढावर, आजूबाजूला दुकानांची गल्ली. चर्चकडे धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या १५१७ च्या ९५ प्रबंधांच्या छापील पत्रकाची एक मूळ प्रत आहे, जगात फार थोड्या उरल्यात त्यातली. चर्चसमोर ब्रूझेवित्सच्या आठवणीचा स्तंभ आहे. मी तिथे उभा असताना एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली, मग सायकलवरून दोन पोरं. कुणी थांबलं नाही. मीही फारसा थांबलो नाही खरं तर, मुलीला भूक लागली होती.

पण एक गोष्ट डोक्यात राहिली. लूथरने चर्चच्या दाराला कागद ठोकला अशी जगभर कथा सांगतात. त्या कागदाची खरी प्रत ज्या चर्चमध्ये, त्याच्याच दारात या माणसाने आपले फलक आणले. त्याला त्या प्रतीबद्दल माहीत असणार, त्याच भागातला पाळक. मुद्दाम निवडलं की नाही ते देव जाणे.

मनोमन

मी व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. धागा सुरुवातीपासून वाचतेय आणि दोन दिवस ठरवत होते लिहू की नको.

इथे कुणी गौरव करत नाहीये हे दिसतंय. तरी 'हुतात्मा', 'ज्योत' असे शब्द यायला लागले की माझ्या पोटात गोळा येतो. अशा मृत्यूला जितकं तेज दिलं जातं तितकं दुसऱ्या कुणा दुखावलेल्या माणसाला तो मार्ग वाटायला लागतो. १९६९ मध्ये प्रागला यान पालाख या विद्यार्थ्याने असंच केल्यानंतर महिनाभरात आणखी तरुण त्याच वाटेने गेले. म्हणून धागाकर्त्यांचे आभार की त्यांनी तपशील टाळलेत. बाकीच्यांनीही टाळावेत. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात स्वतःबद्दल असे विचार घोळत असतील तर घरात कुणाला तरी सांगा. किंवा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

आता विषयाचं. तो मनोरुग्ण होता का, असा प्रश्न अजून इथे आला नाही. पण येईल. कारण त्या राज्याने नेमकं हेच म्हटलं होतं ना?

पिंपळपान

म्हटलं होतं, आणि कसं म्हटलं ते बघा. ३१ ऑगस्ट १९७६, पक्षाचं मुखपत्र 'नॉयेस डॉइचलांड'. मजकुरात माणूस विकृत, भ्रमिष्ट, पाची ज्ञानेंद्रियं ठिकाणावर नसलेला. आणि लेखाला मथळा दिला दहा आज्ञांतला: 'तू खोटी साक्ष देऊ नको'. नास्तिक पक्षाच्या पेपराने बायबल उघडलं ते एका पाळकाला वेडा ठरवायला!

अंत्यविधी पाच दिवस आधीच झाला होता, रिपिशाच्या चर्चच्या आवारात. मंडळीने जपून शब्द वापरून पत्र लिहिलं होतं, सगळं शांत करायला बघितलं होतं, आणि राज्याने या लेखाने त्यावर बोळा फिरवला. पत्रांचा पूर लोटला. जे लोक ब्रूझेवित्सच्या कृतीला मुळीच अनुकूल नव्हते त्यांनीही लिहिलं की मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का. माझ्या मते त्या आगीपेक्षा या लेखाने राज्याचं जास्त नुकसान केलं.

त्याच दैनिकाने तीस वर्षांनी, २००६ मध्ये, या लेखाबद्दल माफी मागितली.

नगरी_बाणा

गंमत म्हणून सांगतो. आमच्या मोजणीने ती नववी आज्ञा, लूथरच्या मोजणीने आठवी. वसईच्या कॅथलिकांचीही आठवीच. आज्ञा मोजण्यावर एकमत नाही, मोडण्यावर मात्र सगळ्या पंथांचं आहे.

मनोमन

हेच म्हणायचं होतं. 'तो आजारी होता' आणि 'म्हणून त्याच्या फिर्यादीत दम नव्हता' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. राज्याने पहिलं वाक्य दुसऱ्यासाठी वापरलं. सोव्हिएत संघात तर विरोधकांना इस्पितळातच टाकत. माझ्या व्यवसायाला तो डाग आहे.

माणूस थकलेला असेल, एकटा पडला असेल, बदलीच्या बोलण्याने दुखावला असेल. शाळेबद्दल तो जे म्हणाला ते तरीही जसंच्या तसं खरं राहतं. आणि उलटही. ते खरं होतं म्हणून त्याने जे केलं ते योग्य ठरत नाही. त्याच्या घरात बायको होती, मुली होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

वाळूचे_घड्याळ

धाग्याचा विषय नुसता भाषांतराचा राहिला नाही म्हणून भर घालते. याच्या शेजारी रोमानियाचा लास्लो तोकेश ठेवून बघा. तिमिशोआरातला हंगेरियन रिफॉर्म्ड पाळक. चाउशेस्कूच्या राजवटीवर बोलायचा म्हणून त्याला घरातून काढून खेड्यात पाठवायचा हुकूम झाला. डिसेंबर १९८९ च्या मध्यावर मंडळीचे लोक त्याच्या घराभोवती उभे राहिले. आधी त्याचेच हंगेरियन, मग रोमानियन शेजारी, मग जाणारेयेणारे. आठवड्यात राजवट कोसळली.

पोलंडचा पाद्री येझी पोपियेउश्को १९८४ मध्ये गुप्त पोलिसांच्या हातून मारला गेला, तिथे लाखो लोक अंत्ययात्रेला. चीनमध्ये छंग्दूचे पाळक वांग यी, नोंदणी न केलेल्या मंडळीचे, यांना २०१९ च्या शेवटी नऊ वर्षांची शिक्षा.

या तिघांभोवती माणसं होती. ब्रूझेवित्सभोवती त्या सकाळी बाजाराला आलेले अनोळखी लोक होते, म्हणून त्याला 'सर्वांना' लिहावं लागलं असेल.

चष्मिश

'बिनतारी संदेश' वरून आठवलं. जहाज बुडताना कोण ऐकतंय ते माहीत नसतं तेव्हा पाठवतात तसं का?

पिंपळपान

तसंच. लष्करातला, जहाजावरचा शब्द आहे तो. युद्धात गेलेल्या माणसाच्या कानात असणारच. आणि हो, संदेश पोचला. फलक काढले तरी पश्चिमेच्या टीव्हीवर बातमी आली, आणि पूर्वेतले बहुतेक लोक संध्याकाळी पश्चिमेचाच टीव्ही बघायचे. एल्बेकाठी, हे खरं ना?

एल्बेकाठी

जवळपास सगळीकडे खरं, आमच्या ड्रेस्डेनमध्ये मात्र नाही! दरीत असल्यामुळे तिथे पश्चिमेचे कार्यक्रम पोचत नसत. आमच्या भागाला 'अजाणांची दरी' म्हणून चिडवायचे. मी ब्रूझेवित्सचं नाव तिथे असताना एकदाही ऐकलं नाही. या धाग्यावर पहिल्यांदा ऐकतोय, ४० वर्षांनी. लाज वाटली थोडी.

पण काय पाहिलं ते सांगतो, तुमच्या 'शाळां'शी जोडलेलं आहे. मार्च १९७८ मध्ये देशाचे प्रमुख होनेकर आणि चर्च संघाचे बिशप आल्ब्रेख्ट शेनहेर यांची बैठक झाली. मंडळीला टीव्हीवर थोडा वेळ, नव्या वसाहतींत चर्च बांधायला परवानगी, तुरुंगात कैद्यांना भेटायची सोय, असं बरंच मिळालं. सगळे खूश. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नववी-दहावीला लष्करी शिक्षणाचा विषय सक्तीचा झाला! मंडळीने विरोध केला, सरकार ढिम्म. बाकी सगळं द्यायला तयार होते, शाळा सोडून.

मग १९८१-८२ मध्ये पोरं बाहीवर कापडी गोल तुकडा लावायला लागली. त्यावर तलवारीचा फाळ करणारा माणूस आणि बायबलमधल्या मीखाचं वचन. ते चित्र सोव्हिएत संघानेच न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेल्या पुतळ्याचं. बंदी घालणार कशी? आणि कापडावर छापलं, कारण कागदावर छापायला परवाना लागायचा, कापडाला नाही. तरी पोलीस आणि शिक्षक पोरांकडून तो उसवून घ्यायचे. मग काही पोरं बाहीला नुसतं भोक ठेवून फिरायची. सगळ्यांना कळायचं तिथे काय होतं.

१३ फेब्रुवारी १९८२, ड्रेस्डेनवरच्या १९४५ च्या बॉम्बहल्ल्याचा स्मृतिदिन. क्रॉइत्सकिर्ख या चर्चमध्ये पाचेक हजार तरुण. मी आत गेलो नाही, परदेशी विद्यार्थी, व्हिसाची धास्ती. रात्री त्या हल्ल्यात पडलेल्या फ्राउएनकिर्ख चर्चच्या ढिगाऱ्यापाशी मेणबत्त्या लावत होते ते लांबून पाहिलं. बोटं गारठली होती. माझा खोलीसोबती त्यांच्यात होता. वसतिगृहात परतल्यावर आम्ही दोघांनी चहा केला आणि त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

लालभाई

एल्बेकाठी, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

एकच विचारतो, खोडी काढायला नाही. १९८९ मध्ये लाइपझिगच्या निकोलाय चर्चमधून सोमवारचे मोर्चे निघाले, ९ ऑक्टोबरला ७० हजार लोक. ते त्या जपून वागणाऱ्या मंडळीच्याच छपराखाली वाढले ना? शेनहेर, क्रुशे या लोकांनी तडजोडी करून ते छप्पर राखलं. सगळे पाळक ब्रूझेवित्ससारखे वागले असते तर १९८९ ला उभं राहायला जागा उरली असती का?

नगरी_बाणा

माझे आजोबा तुमच्या बाजूचे झाले असते लालभाई. पाळकाने आधी कळप सांभाळावा म्हणायचे.

पण छप्पर राखणाऱ्यांना त्या ऑगस्टनंतर रात्री झोप लागली नसणार, एवढं मी पाळकांच्या घरात वाढलोय म्हणून खात्रीने सांगतो. आपला एक माणूस एकटा पडत होता आणि आपण त्याला बदलीचा सल्ला देत होतो, हे मनातून जात नाही. पुढे हीच माणसं शाळेच्या प्रश्नावर जरा मोठ्याने बोलायला लागली, त्याचं एक कारण मला तिथे दिसतं. सिद्ध करून दाखवता येणार नाही.

पिंपळपान

वर्गात भाषांतर दिलं. 'मंडळी फिर्याद करत आहे' असंच ठेवलं. बाईंनी 'मंडळी'खाली लाल रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलं. मी नगरी_बाणांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. रेघ तशीच आहे, प्रश्नचिन्ह खोडलं.

आता ते घोडागाडीवरचं यमक राहिलंय. माझं जमलेलं नाही. कुणी हात लावणार का?

चष्मिश

सरकारी: देव नको नि ऊन नको, आम्ही पीक आणू घरी.
पाळक: देव नाही, पाऊस नाही, दिवाळं वाजेल जगभरी.

खवचट_खारूताई

दिवाळं वाजत नाही गं, निघतं. वाजतं ते बारा.

सरकारी: ऊन नको, देव नको, भरू आम्ही कोठार.
पाळक: पाऊस नाही, देव नाही, बुडाला सारा बाजार.

नगरी_बाणा

खारूताईंचं घ्या. हे घोडागाडीवर शोभेल. फक्त 'बुडाला' नको, 'बुडेल' करा. तो इशारा देत होता.

पिंपळपान

'बुडेल' केलं.